जाम नट, गोटी आणि दांडा

मृग लागण्यापूर्वीच्या आठवड्यात परभणी जिल्ह्यातील कोणत्याही गावी जावे, तेथे एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. लिंबाच्या सावलीत ट्रॅक्टर उभा असतो, त्याच्या मागच्या चाकाभोवती चार माणसे बसलेली असतात, आणि पाचवा मनुष्य घामाघूम होऊन हातातील पाना ओढीत असतो. चाक पंक्चर झालेले असेल; कपाशीच्या ओळींस जुळावे म्हणून दोन चाकांमधील अंतर बदलावयाचे असेल; किंवा रोटाव्हेटरची झिजलेली पाती काढून नवी बसवावयाची असतील. काम कोणतेही असो, ते एका नटापाशी येऊन अडते. वर्षभराचा चिखल, पावसाचे पाणी आणि गंज यांनी तो नट बोल्टाशी असा एकजीव झालेला असतो की नेहमीच्या पान्यास तो मुळीच दाद देत नाही.

विद्यार्थिमित्रहो, असा नट सोडविण्याची हत्यारे दोन. पहिले गोटी. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी पोलादी नळी होय. तिच्या एका तोंडास आतून नटाच्या आकाराचे कोन असतात व दुसऱ्या तोंडास चौकोनी भोक असते. दुसरे हत्यार दांडा. त्याच्या डोक्यावरील चौकोनी खुंटी गोटीच्या भोकात बसते. ह्या दांड्यात करकर वाजणारे रॅचेटचे दाते नसतात; तो निव्वळ एक जाड सळई असून त्याचे डोके तेवढे बिजागरीप्रमाणे वळते. दुकानदार त्यास ब्रेकर बार म्हणतात, आणि डोके दांड्यावर मागेपुढे सरकणारे असेल तर टी-हँडल म्हणतात. रॅचेटचे हँडल ढिल्या झालेल्या नटास भराभर फिरविण्यासाठी आहे. जाम नटावर त्याचा जोर लावला तर आतील बारीक दाते तुटतात.

वर्षातून दोन-चार वेळाच लागणाऱ्या ह्या हत्यारांवर पैसा किती खर्चावा व कोणत्या मापाची हत्यारे घ्यावी, हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो, आणि बहुधा त्याचे उत्तर बाजारातील चकचकीत पेटी पाहून दिले जाते. आमच्या शेजाऱ्यांनीही ते तसेच दिले होते.

ह्या गोष्टीस आता वीसएक वर्षे झाली. जिंतूर तालुक्यातील आमच्या गावी शेजारच्या घरचा ट्रॅक्टर ऐन पेरणीच्या तोंडावर पंक्चर झाला. घरधन्यांस आम्ही मुले नाना म्हणत असू. नानांनी आठवडे बाजारातून गोट्यांची एक पेटी आणली होती. तीत लहानमोठ्या पंचवीस गोट्या होत्या, पैकी कामाच्या दोन किंवा तीन. दांडा हातभर लांबीचा. सात नट सुटले, आठवा सुटेना. तेव्हा विहिरीवर पडलेला जुना लोखंडी पाईप दांड्यावर चढवावा असे ठरले, आणि तो पाईप धावत जाऊन मीच आणून दिला. नाना पाईपच्या टोकावर उभे राहिले. नट हलला नाही म्हणून त्यांनी वर एक झोका दिला. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. दांड्याची चौकोनी खुंटी मुळापासून तुटली होती, गोटी उभी चिरली होती, आणि नाना ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडी पट्टीवर हाताच्या आधाराने कोसळले होते. मनगटाची दोन्ही हाडे मोडली. चौथ्या दिवशी पाऊस पडला. त्यांचे शेत भावकीच्या बैलांनी तिफणीवर पेरून दिले. हात पुढे जुळला, परंतु मूठ पुरती मिटत नाही. म्हशीची धार काढणे त्यांना कायमचे सोडावे लागले.

त्या दिवशी काय घडले हे मला समजले ते पुढे शाळेत तरफेचा पाठ आला तेव्हा. तो हिशेब सोपा आहे, आणि दांडा विकत घेण्यापूर्वी प्रत्येक घरात तो एकदा मांडला जावा असे मला वाटते.

आजीचे जाते आठवा. त्याचा खुंटा पाळीच्या कडेस ठोकलेला असतो. तो मध्याच्या खिळीजवळ ठोकला असता तर तेच जाते फिरविण्यास किती कष्ट पडले असते! फिरविण्याचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: हाताने किती ओढले, आणि मध्यापासून किती अंतरावर ओढले. चाळीस किलोग्रॅमच्या ओढीने ३० सेंटिमीटर लांबीचा पाना ओढला तर १२ किलोग्रॅम-मीटर जोर झाला. तीच ओढ ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर लावली तर २४ झाला. ट्रॅक्टरच्या चाकाचा नट किती आवळावा हे त्याच्या पुस्तिकेत छापलेले असते. समजा तो आकडा २५ आहे. गंजलेला नट सोडविण्यास त्याच्या दुप्पटही जोर लागू शकतो, म्हणजे ५०. साध्या पान्याने १२ आणि लागणार ५०, इतके अंतर पडल्यावर पाईपचा मोह होणे स्वाभाविकच आहे.

आता दुसरी बाजू पाहू. दांड्याची ती चौकोनी खुंटी किती जोर सोसते? आपल्याकडे खुंटीची मापे अर्धा इंच आणि पाऊण इंच अशी सांगतात. जुने मिस्त्री त्यांस चार सूत व सहा सूत म्हणतात, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अर्ध्या इंचाच्या दांड्याने कसोटीत सुमारे ५० किलोग्रॅम-मीटर जोर सोसला पाहिजे, आणि पाऊण इंचाच्या दांड्याने सुमारे १४०. जाडी फक्त दीडपट, मग बळ इतके का वाढले? पिळास विरोध करण्याची शक्ती जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. दीडाचा घन करून पाहा. तो तीन पूर्णांक तीन अष्टमांश येतो. मानकात पावणेतीन पटच धरली आहे, तरीही फरक लहान नव्हे.

नानांचे वजन ७० किलोग्रॅम धरू. पाईपचे टोक नटापासून दीड मीटरवर होते. सत्तर गुणिले दीड म्हणजे १०५. त्यावर झोका दिला तो वेगळाच. दांडा अर्ध्या इंचाचा होता. ५० च्या खुंटीवर १०५ चे ओझे टाकल्यावर ती तुटली यात नवल नाही. बाजारी पोलादाची नसती तरी तुटली असती.

ह्याच हिशेबातून निवडीचा नियम निघतो. दांडा असा निवडावा की आपण आपला सगळा भार त्याच्या टोकावर टाकला तरी तो मोडू नये. अर्ध्या इंचाचा दांडा ६० सेंटिमीटरपर्यंत लांब असावा: सत्तर किलोग्रॅमचा मनुष्य त्यावर ४२ पर्यंतच जाऊ शकतो. पाऊण इंचाचा दांडा एक मीटरपर्यंत चालेल: तेथे जोर ७० होतो, म्हणजे त्याच्या शक्तीच्या निम्माच. मोटारीची चाके व रोटाव्हेटरची पाती यांस पहिला पुरतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकास दुसरा हवा. पुरेशा लांबीचा दांडा आधीच घेतला म्हणजे पाईपची गरजच उरत नाही. पाऊण इंचाची हत्यारे वजनदार व महाग असतात, हे खरे. परंतु तीस गोट्यांची अर्ध्या इंचाची पेटी घेण्यापेक्षा पाऊण इंचाचा एक दांडा आणि दोन गोट्या घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

त्या दोन गोट्या कोणत्या, हे दुकानात जाण्यापूर्वी घरीच ठरवावे. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर मोजावे. तेच गोटीवर कोरलेले माप. १९, २२ व २४ मिलिमीटर ही मापे आपल्याकडील यंत्रांवर वारंवार भेटतात. जुन्या यंत्रांच्या बाबतीत मात्र सावध असावे. भारतात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. त्यापूर्वीच्या धाटणीच्या ऑईल इंजिनांवर इंची नट आढळतात. त्यांतील काही आकार जवळपास जुळतात. उदाहरणार्थ, सहा सूत म्हणजे १९ मिलिमीटर व किंचित अधिक. पण जोसेफ व्हिटवर्थ ह्या इंग्रज यंत्रकाराने १८४१ साली सुचविलेल्या पद्धतीचे नट असतील तर घोटाळा होतो, कारण त्यांच्या पान्यावरील आकडा नटाचा नसून आतील बोल्टाच्या जाडीचा असतो. अशा नटावर आकड्यांच्या भरवशावर न राहता गोटी प्रत्यक्ष बसवून पाहावी. ती हाताने हलविली असता डुगडुगत असेल तर घेऊ नये.

गोटी सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी चटकन बसते म्हणून दुकानदार तिची स्तुती करतात, व हलक्या कामास ती चांगलीच आहे. परंतु ती नटास त्याच्या कोपऱ्यांजवळ धरते, आणि सहा कोनांची गोटी कोपऱ्यापासून आत, सपाट बाजूवर दाबते. जाम आणि गंजाने झिजलेल्या नटाचे कोपरे एकदा गोल झाले म्हणजे पुढे छिन्नी-हातोड्यावाचून गती नाही.

रंगाविषयीही थोडे सांगावयास हवे. चकचकीत मुलामा दिलेल्या गोट्या बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्या असतात. त्या कठीण, पण धक्क्याने तडकतात. काळ्या गोट्या क्रोम-मॉलिब्डेनमच्या. त्यांची भिंत जाड, पोलाद चिवट, आणि पंक्चरवाल्याच्या हवेच्या बंदुकीवर त्याच वापरावयाच्या असतात. चाकाच्या नटासाठी काळी गोटी उत्तम. रोटाव्हेटरच्या पात्यांजवळ जागा अपुरी असते, तेथे पातळ भिंतीची चकचकीतच बरी. पोलादाचे नाव तर कोणीही कोरू शकतो. म्हणून नाशिकच्या सातपूर येथील तपारियासारख्या, ज्यांचे नाव व पत्ता ठाऊक आहे अशा कारखान्यांचा माल पाहून घ्यावा. पालकांस आणखी एक विनंती. पूर्वी गावची मोठी हत्यारे लोहाराच्या भात्याजवळ असत आणि सारा गाव ती वापरी. तीच रीत येथेही चालेल. नानांच्या आळीतील पाच घरांनी मिळून पाऊण इंचाचा एक दांडा घेतला आहे. तो नानांच्या ओसरीत टांगलेला असतो, आणि नेणाऱ्याने तो पुसून परत करावयाचा असतो.

वापराची रीत थोडक्यात सांगतो. आदल्या सायंकाळी नटाभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशाने काढून आट्यांवर डिझेल किंवा पातळ तेल सोडावे व रात्रभर मुरू द्यावे. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट प्रथम ढिले करावे. जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरवर जोर लावणे म्हणजे तो अंगावर ओढून घेणे होय. दांडा आपल्याकडे ओढावा, ढकलू नये, आणि अचानक सुटला तर आपण कोठे पडू ते आधी पाहून ठेवावे. झोका देऊ नये. जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत व त्यावर इंग्रजी एल अक्षर असे. अशी गाडी समोर आली तर प्रथम ते अक्षर शोधावे. इतके करूनही नट सुटला नाही तर काही जण गॅसच्या ज्योतीने तापवितात. टायर चढलेल्या चाकावर तसे कदापि करू नये. आतील हवा व रबर तापून टायर फुटतो, आणि त्यात माणसे मेलेली आहेत. तो नट मिस्त्रीकडे न्यावा.

नट जाम का होतात, त्याचे एक कारण गंज आणि दुसरे आपणच. पंक्चरवाला हवेच्या बंदुकीने नट आवळतो तेव्हा किती आवळला याचे माप बहुधा कोणी पाहत नाही. घरी आल्यावर ते नट एकेक करून ढिले करावे व हाताने, पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे, पुन्हा आवळावे. आवळण्यासाठी लांब दांड्यावर भार टाकू नये. बोल्ट ताणला जातो, आणि तो तुटतो तेव्हा चाकासह तुटतो.

आपल्या जिल्ह्यातील पूर्णा जंक्शनवर रुळांची देखभाल करणारे कामगार पुष्कळांनी पाहिले असतील. रुळाचे सांधे जेथे लोखंडी पट्ट्या व बोल्ट यांनी जोडलेले असतात, तेथे ते वर्षातून एकदा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी ह्या थंडीच्या महिन्यांत, उघडून वंगण घालावे असा रेल्वेचा नियम आहे. सांधा अडेपर्यंत तेथे वाट पाहत नाहीत. शेतकऱ्याने तो महिना बदलून घ्यावा. कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मे रोजी परभणीस भरतो. त्याच सुमारास, पेरणीची घाई नसताना, चाकाचे नट एकेक करून सोडावे, आटे घासावे, त्यांवरून तेलाचे बोट फिरवून पुसून घ्यावे. तेल गळेपर्यंत लावू नये, कारण निसरड्या आट्यांवर नट ठरल्यापेक्षा अधिक आवळला जातो. मग समोरासमोरचे नट पाळीपाळीने आवळावे, आणि ट्रॅक्टर पहिल्या दिवशी काम करून आला की सायंकाळी पुन्हा एकदा सर्व नटांवरून दांडा फिरवून पाहावा.