सौरडाग आणि अतिनील प्रकाश
(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान)

हेतू : सूर्यबिंबावर डाग पडतात, त्या डागांभोवतालचा प्रदेश अतिनील प्रकाशात निराळाच दिसतो, आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, ह्या तीन गोष्टी मुलांच्या मनावर ठसविणे.

प्रस्तावना : शाळेच्या पत्र्यास बारीक छिद्र असल्यास जमिनीवर पडणारा कवडसा मुलांस दाखवावा. छिद्र वाकडेतिकडे असूनही कवडसा वाटोळा का, असे विचारावे. ती सूर्याचीच प्रतिमा होय. छिद्रापासून ३ मीटरवर पुठ्ठा किरणांसमोर सरळ धरल्यास तिचा व्यास सुमारे पावणेतीन सेंटिमीटर भरतो. एवढ्या प्रतिमेत डाग सहसा दिसत नाहीत. ते फलकावर वर्तुळ काढून दाखवावेत.

विवेचन : डागाच्या ठिकाणी प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते. त्यामुळे आतील उष्णता वर येण्यास अडथळा होतो व तो भाग सभोवतालापेक्षा थंड, म्हणून काळसर दिसतो. डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढते व घटते. डागांच्या वरच्या थरांत मात्र तेच चुंबकीय क्षेत्र वायू तापविते. अशा प्रदेशास क्रियाशील प्रदेश म्हणतात. अतिनील प्रकाशात तो तेजस्वी दिसतो.

प्रयोग : पांढऱ्या कागदावर तांबड्या पेन्सिलीने अक्षरे लिहून ती प्रथम तांबड्या, नंतर हिरव्या जिलेटिन कागदातून पाहण्यास सांगावे. पहिल्यातून ती पुसट होतात, दुसऱ्यातून काळी दिसतात. वस्तू तीच; प्रकाश निवडला की दर्शन बदलते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

आपल्या प्रांतातील कार्य : अतिनील किरणांपैकी बराच भाग वातावरणातील ओझोन अडवितो. तो आपल्यास उपकारक असला, तरी वेध घेण्यास अंतराळातच जावे लागते. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेले ‘आदित्य-एल १’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत पोहोचले. त्यावरील ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. ती २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात ११ गाळण्यांमधून सूर्याची चित्रे घेते. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात होणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या कार्यातही हीच संस्था सहभागी आहे, हे मुलांस अवश्य सांगावे.

उपयोग : क्रियाशील प्रदेशांत सौरज्वाला भडकतात. मे २०२४ मध्ये अशाच एका मोठ्या प्रदेशामुळे चुंबकीय वादळ उठले व लडाखमधील हानले येथूनही तांबूस ध्रुवीय प्रकाश दिसला. अशा वादळांनी रेडिओ संदेशवहन, उपग्रह व वीजवाहिन्या यांस अपाय होऊ शकतो. म्हणून पूर्वसूचना मोलाची ठरते.

सावधगिरी : नेत्रपटलास वेदना कळत नाही, म्हणून डोळा भाजत असताना मुलास त्याची जाणीव होत नाही, आणि गेलेली दृष्टी पुष्कळदा परत येत नाही. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, ताटातील पाण्यातले प्रतिबिंब ही साधने ग्रहणकाळीही वापरू देऊ नयेत. सूर्याकडे पाठ करून पुठ्ठ्यावरील कवडसाच पाहावा. ही सूचना पालकांच्या सभेतही द्यावी.

स्वाध्याय :
१. डाग काळसर का दिसतो?
२. अतिनील दुर्बीण डोंगरावर न ठेवता अंतराळात का पाठविली?
३. पुठ्ठा छिद्रापासून दूर नेल्यास कवडशात काय फरक पडतो? मोजून लिहा.