मासोळीचा कचरा आणि निळी ज्योत

"विदर्भात कुठे समुद्र?" म्हणून मैत्रिणी हसल्या. पण आपल्या वर्धा जिल्ह्यात बोर धरण आहे, तलाव आहेत आणि बाजारात मासोळी विकणाऱ्या काकूही आहेत. खवले, आतडी, कल्ले रोज उकिरड्यावर जातात. मी ठरवलं, यातून गॅस काढायचा. शेणाशिवाय गॅस ही काही नवी गोष्ट नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्यापासून तो काढला होता.

पहिला प्रयोग : २० लिटरच्या कॅनमध्ये नुसता मासोळीचा कचरा आणि पाणी. पंधरा दिवस ज्योत नाही, फक्त वास! सगळं होस्टेल माझ्यावर नाराज.

चूक कुठे झाली? जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे २० ते ३० भाग कार्बन लागतो. मासोळीत प्रथिनं, म्हणजेच नायट्रोजन फार. त्याचा अमोनिया होतो आणि मिथेन बनवणारे जिवाणू दबतात. शिवाय हे जिवाणू मी घातलेच नव्हते. शेणात ते आयतेच असतात.

दुसऱ्यांदा आधी शेणकाला मुरू दिला. मग रोज मूठभर बारीक कापलेली आतडी आणि मेसचा उरलेला भात. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढायला वर्कशॉपमधला गंजलेला लोखंडी कीस नळीत भरला. ज्योत पेटली, निळी!

काकूंनी विचारलं, "पोरी, यावर सयपाक होईन का?"

खरं सांगितलं, "एवढ्याशावर चहासुद्धा नाही." दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्रालाच रोज सुमारे ५० किलो शेण लागतं. पण साऱ्या बाजाराचा कचरा आणि गोठ्यांचं शेण एकत्र आलं तर? तो हिशोब आता करतेय. कोण येतंय मदतीला?