चाक निवडताना

(जुन्या सायकलीचे चाक बदलताना काय काय पाहावे लागते, हे लेखकाने या पाठात आपल्या शाळेच्या दिवसांतील एका प्रसंगातून सांगितले आहे.)

घोटावडे हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील गाव. मी नववीत होतो तेव्हा तिथे आमच्या घरी एक काळी सायकल होती. अब्बांनी ती जुनीच विकत घेतली होती. तिचे हँडल रुंद होते, ब्रेक सळयांचे होते आणि मागे भक्कम कॅरिअर होते. सकाळी मी तिच्यावरून शाळेला जाई. संध्याकाळी अब्बा तिच्यावरून पीठ, तांदूळ, रॉकेल असे सामान आणत.

मुळशीत पाऊस फार. एका जुलै महिन्यात मी तांदळाचे पोते कॅरिअरवर बांधून घरी येत होतो. रस्त्यावर पाणी साचले होते. मला ते साधे डबके वाटले, पण खाली हातभर खड्डा होता. पुढचे चाक कसेबसे निघाले. मागचे चाक मात्र पोत्याच्या वजनासह आदळले आणि आठाच्या आकड्यासारखे पिळले गेले.

अब्बा रागावले नाहीत. भातलावणीच्या मजुरीतून आलेले दोनशे रुपये त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "एवढ्यात भागव, बेटा. शाळा बुडवू नकोस."

मी एस. टी. ने पुण्याला गेलो. एका दुकानात जुनी चाके टांगलेली होती. त्यांतले एक हलके, चकचकीत चाक मला फार आवडले. ते शर्यतीच्या सायकलीचे होते. उंचीला ते आमच्या चाकाएवढेच दिसत होते. दुकानदाराने "कोणत्या सायकलीला?" असे विचारलेसुद्धा, पण मी घाईने "बसेल, बसेल" म्हणालो आणि एकशेवीस रुपये देऊन चाक घेतले. चूक माझीच होती.

दुसऱ्या दिवशी मी ते चाक घोटावडे फाट्यावरच्या सायकल मिस्त्रींकडे नेले. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. त्यांनी चाक हातात घेऊन एकदा फिरवले आणि विचारले, "हे कुणी आणायला सांगितलं तुला?"

मी गप्प राहिलो.

"आपला टायर अठ्ठावीसचा. हे सत्तावीसचं. टायर चढेल, पण हवा भरली की रिमवरून सुटेल."

मला ते पटेना. सत्तावीस आणि अठ्ठावीस यांत एका इंचाचा फरक असतो, मग दोन्ही चाके सारखीच कशी दिसतात? काकांनी दोन्ही रिमा शेजारी ठेवल्या आणि बोटाने दाखवले. फरक इतका थोडा होता, की डोळ्यांना तो सहज कळत नव्हता.

त्याचे कारण पुढे मला कळले. टायरवर लिहिलेले इंच हे फुगलेल्या टायरच्या बाहेरच्या मापाचे असतात आणि तेही ढोबळ असतात. टायरची कड रिमवर जिथे बसते, तिथला व्यास वेगळाच असतो. काळ्या सायकलीच्या २८ × १ १/२ टायरसाठी तो ६३५ मिलिमीटर असतो. शर्यतीच्या जुन्या सायकलीच्या २७ × १ १/४ टायरसाठी तो ६३० मिलिमीटर असतो. म्हणजे फरक अवघा पाच मिलिमीटरांचा! पण तेवढ्याने टायर सैल बसतो.

याहून गमतीची गोष्ट सव्वीस नंबरच्या टायरांची आहे. गणितात १ १/२ आणि १.५० या संख्या सारख्याच. टायरांच्या बाबतीत तसे नाही. २६ × १ १/२ या टायरची रिम ५८४ मिलिमीटरांची असते, तर २६ × १.५० ची ५५९ मिलिमीटरांची. गुरुजींनी गणितात पैकीच्या पैकी गुण दिले, तरी हा टायर त्या रिमवर बसणार नाही. म्हणून दुकानात नुसते "सव्वीसचे द्या" म्हणू नये. टायरच्या कडेला ४०-६३५ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचे माप सांगतो. हा दुसरा आकडा कागदावर लिहून न्यावा.

माझ्या चाकात आणखी एक दोष होता. सळईच्या ब्रेकची रबरे रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे हबकडच्या अंगाला घासतात. त्यासाठी रिमला तशी गोलसर पट्टी लागते. शर्यतीच्या सायकलीचा ब्रेक चिमट्यासारखा असतो. तो रिमच्या दोन्ही बाजू दाबतो, म्हणून तिची रिम बाजूंनी सपाट असते. काका म्हणाले, "टायर बसला असता, तरी उतारावर तू थांबला नसतास."

मग त्यांनी माझे मोडके चाक उलटसुलट पाहिले. एक्सल हातात धरून हब फिरवला. तो मुळीच डुगडुगत नव्हता. आत छर्ऱ्यांचा खरखर आवाजही येत नव्हता. "हब शाबूत आहे. फ्रीव्हीलही चांगलं आहे. पुरं चाक घ्यायचं कशाला? चाळीस भोकांची नवी रिम घेऊ आणि सहा तारा बदलू."

चाळीस भोकांची का? आपल्याकडच्या काळ्या सायकलीला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असतात, कारण मागच्या चाकावर वजन जास्त पडते. हबला जितकी भोके, तितकीच रिमला हवीत. मी आणलेल्या चाकाला ३६ होती, म्हणजे त्याची रिमही आमच्या हबला चालली नसती.

काकांना चाक बांधताना मी दोन तास पाहत बसलो. बैलगाडीच्या चाकातला लाकडी आरा खालून भार पेलतो. सायकलीची बारीक तार तसा भार पेलू शकत नाही, ती लगेच वाकेल. ती रिमला हबकडे ओढून धरते. सगळ्या तारा चहूकडून सारख्या ओढतात, म्हणून चाक गोल राहते. तारा एकमेकींवरून तिरप्या जातात, त्यामुळे पायडल मारल्यावर हबला बसणारा पीळ रिमपर्यंत पोहोचतो. इंग्लंडमधील जेम्स स्टार्ली याने १८७४ साली या रचनेचे पेटंट घेतले. डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट तर त्यानंतर, १८८८ साली, घेतले. काकांना ही नावे ठाऊक नव्हती. त्यांना बोटाने तार वाजवून तिचा ताण कळत असे. शेवटी त्यांनी चाक फिरवत फिरवत त्याचा आऊट काढला.

रिम आणि तारा यांत माझे उरलेले पैसे संपले. मजुरीला काही राहिले नाही. ती मी चार रविवार काकांच्या दुकानात पंक्चरे काढून फेडली. तिथे बरेच शिकायला मिळाले. जुनी रिम घेताना तारांच्या भोकांभोवती बारीक तडे पाहावेत. तडा असला तर रिम फुकट मिळाली तरी नको. चिमट्याचे ब्रेक असतील आणि थोडे जास्त पैसे असतील, तर ॲल्युमिनियमची रिम घ्यावी, कारण चमकत्या लोखंडी रिमवर पावसात रबरे घसरतात. गिअरच्या जुन्या सायकलीचे चाक घेताना मागच्या दोन पट्ट्यांमधले अंतर आधी मोजावे. ते कुठे १२६, तर कुठे १३० मिलिमीटर असते. आणि २७ नंबरच्या जुन्या सायकलीला हल्लीचे ६२२ मिलिमीटरांचे चाक हवे असेल, तर ब्रेकची रबरे चार मिलिमीटर खाली सरकतात का, ते पाहावे. सरकत असतील तर चाक चालते, मात्र टायरही त्याच मापाचा घ्यावा लागतो.

अब्बांनी नवी रिम पाहिली, सायकलीवरून अंगणात एक फेरी मारली आणि मला हिशेब विचारला. मी सगळे खरे सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. एकशेवीस रुपये म्हणजे चिखलात वाकून केलेली त्यांची चार दिवसांची मजुरी होती. मग त्यांनी ते चकचकीत चाक उचलले आणि छपरातल्या खुंटीला टांगले. पुढे कित्येक वर्षे ते तिथेच होते. मी कधी घाईने काही विकत घ्यायला निघालो, की अब्बा नुसते वर बघत.

शब्दार्थ
ढोबळ – अंदाजे
शाबूत – न बिघडलेला
छर्रे – हबमधील लोखंडी गोळ्या
आऊट काढणे – चाकाचा वाकडेपणा घालवणे

स्वाध्याय
१. लेखकाने पुण्याहून आणलेले चाक का चालले नाही? तीन कारणे लिहा.
२. बैलगाडीचा आरा आणि सायकलीची तार यांच्या कामात कोणता फरक आहे?
३. "अब्बा नुसते वर बघत." अब्बा वर का बघत असतील?
४. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या सायकलीच्या टायरवरील आकडे वहीत उतरवून घ्या व त्यांचा अर्थ सांगा.