तंत्रलेखक : एक अपरिचित व्यवसाय

समारंभात नव्याने ओळख झालेल्या व्यक्तीने आपण 'टेक्निकल रायटर' म्हणजे तंत्रलेखक आहोत असे सांगितले, की संभाषणात बहुधा क्षणभर खंड पडतो. कोणी विज्ञानकथांचा विषय काढतो, कोणाचा समज टंकलेखनाचा होतो, तर कोणी आपला बिघडलेला संगणक दुरुस्त होईल काय, असे विचारतो. सर्वांत प्रामाणिक प्रतिक्रिया मात्र निराळीच असते : "यंत्रासोबत येणाऱ्या त्या पुस्तिका! पण त्या वाचतो कोण?"

या उद्गारात उपहास असला, तरी तथ्यही आहे. यंत्र सुरळीत चालू असताना माहितीपुस्तिका कोणी उघडत नाही. ती उघडली जाते अडचणीच्या वेळी, आणि तेव्हा वाचक आधीच त्रासलेला असतो. सूचना समजली तर लिहिणाऱ्याची आठवणही होत नाही.

"मग हे अभियंताच का लिहीत नाही?" हा प्रश्नही नेहमीचा. यंत्र घडविणाऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी नवख्याला सांगाव्या लागतात, हे पुष्कळदा त्याच्या ध्यानातच येत नाही. अमेरिकेत १९४९ साली पूर्ण झालेल्या 'बायनॅक' या संगणकाची पुस्तिका जोसेफ चॅपलिन यांनी लिहिली; संगणकाच्या आरंभीच्या पुस्तिकांमध्ये तिची गणना होते.

अशा लेखनाला किती मोल असते, हे १९७९ साली दिसून आले. २८ मार्चच्या पहाटे पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीची एक झडप उघडीच राहिली व पाणी निसटू लागले. पाणी प्रमाणाबाहेर वाढले आहे अशा समजुतीने चालकांनी आपत्कालीन पाणीपुरवठाच कमी केला. परिणामी अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगास असे आढळले, की चालकांना दिलेल्या कार्यपद्धती गोंधळात टाकणाऱ्या होत्या. त्यांनी केलेली चूक योग्यच वाटावी, असाही त्यांचा अर्थ लागत होता. (चालकांचे प्रशिक्षण अपुरे होते, हेही आयोगाने नमूद केले.) विशेष म्हणजे ओहायोतील एका अणुभट्टीत १९७७ साली असाच प्रसंग घडला होता. त्यानंतर फेब्रुवारी १९७८ मध्ये अणुभट्टी पुरविणाऱ्या कंपनीतील एका अभियंत्याने, असा पाणीपुरवठा अकाली बंद करू नये अशी स्पष्ट सूचना चालकांना द्यावी, असे टिपण लिहिले होते. ते टिपण कंपनीच्या कार्यालयांतच फिरत राहिले. अपघाताच्या पहाटे थ्री माइल आयलंडच्या नियंत्रणकक्षातील पुस्तिकांत ती सूचना नव्हती.