परदेशात यंत्र विकायला निघालात?

कुडव्यातल्या आमच्या शेडमध्ये राइस मिलसाठी शेलर, पॉलिशर आणि खडे काढायचं डिस्टोनर बनतं. इकडच्या मिलवाल्यांकडून हल्ली नव्या यंत्रापेक्षा दुरुस्तीचंच काम जास्त येतं, म्हणून टांझानियाकडे वळलो. दार-ए-सलामला दर जुलैत ‘सबासबा’ हा मोठा व्यापार मेळा भरतो. तिथे कॅटलॉग भराभर संपतात, पण नेणाऱ्यांतले मिलवाले किती, हा प्रश्नच आहे. खरं गिऱ्हाईक पाहायचं तर आत म्बेयापर्यंत जायला हवं.

तिथली एक गिरणी थेट आपल्या जुन्या हलरसारखी. शेतकरी पोतं आणतो, भरडून घेतो, किलोमागे पैसे देतो. मालकीणबाईंनी माझ्या कॅटलॉगकडे पाहिलंही नाही. पॉलिशरखालचा मूठभर कोंडा उचलला, तळव्यावर चोळला, फुंकर मारली. हातावर कणी उरली. ‘ही किती कमी कराल?’ मुलाकरवी त्यांनी एवढंच विचारलं. मागे भिंतीशी एक परदेशी शेलर पोत्यांनी झाकलेला. यंत्र ठणठणीत होतं, पण रबर रोल झिजले आणि त्या मापाचे नवे कुठे मिळेनात.

म्हणून भाव बोलण्याआधी तिथल्या दुकानांत फिरा. ज्या मापाचे रोल, बेअरिंग, पट्टे तिथे मिळतात, त्यांवर चालेल असंच यंत्र द्या. तिथला एखादा मिस्त्री हाताशी धरून त्याला शिकवा. हे जमत नसेल तर विकूच नका. एक बंद पडलेलं यंत्र त्या भागातली पुढची सगळी गिऱ्हाइकं तोडतं.

धानही त्यांचंच घेऊन चाचणी करा. आपण यंत्र जुळवतो ते एचएमटीवर, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेल्या बारीक वाणावर. तिथला दाणा लांब असेल तर रोलमधलं अंतर पुन्हा बसवावं लागतं. धान भरडायला चौदा टक्क्यांच्या आसपास ओलावा बरा. उघड्यावर कडकडीत वाळलेलं धान कितीही चांगल्या शेलरमध्ये तुटतंच. विजेचंही पाहा. टांझानियात ती आपल्यासारखी ५० हर्ट्झची, फिलिपिन्समध्ये ६०. तिथे आपली १४४० फेऱ्यांची मोटर सतराशेच्या वर पळते. पुली न बदलता जोडलीत तर कणीचा ढीग पडेल आणि नाव तुमचं खराब होईल.

दार-ए-सलाममध्ये एक दलाल भेटला. सरकारी टेंडर ‘झाल्यातच जमा’, फक्त नोंदणी फी भरा म्हणाला. कागदावर शिक्केच शिक्के! टेंडर कोणत्या खात्याचं ते लेखी द्या, आमच्या उच्चायुक्तालयात दाखवतो, एवढंच म्हटलं. त्याचा फोन लागेनासा झाला.

पैशात भिडस्तपणा नको. निदान लोखंड-मोटरचा खर्च निघेल इतका ॲडव्हान्स घ्या. एलसी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेचं पतपत्र, अनोळखी बँकेची असेल तर ओळखीच्या बँकेकडून ती कन्फर्म करून घ्या. उधारीवर माल सोडायचाच असेल तर आधी ईसीजीसीचा निर्यात पतविमा. मूळ बिल ऑफ लेडिंग पैसे येईपर्यंत बँकेतच राहू द्या.

आणि पेट्या. आरागिरणीतल्या ओल्या फळ्या ठोकून माल न्हावाशेवाला धाडू नका. बऱ्याच देशांना लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं लागतं, त्यावर तसा शिक्काही लागतो. शिक्का नसला तर पेटी बंदरात अडकते, आणि भाडं चढू लागलं की गिऱ्हाईक पहिला फोन तुम्हालाच करतं.