पोरं टिकवायची असतील तर

नांदेड-लातूरच्या मालकांची तक्रार एकच: "पोरं टिकत नाहीत." डाळमिल असो, दवाखाना असो की कोचिंग क्लास, हाताशी आलेला मुलगा पुण्याची नाहीतर हैदराबादची ट्रॅव्हल्स धरतो. तिथल्या पगाराशी बरोबरी सगळ्यांना जमणार नाही. पण शेत आणि आई-वडील जवळ आहेत म्हणून इथंच राहू पाहणारी पोरंही सोडून जातात, तेव्हा आधी स्वतःचं वागणं तपासावं.

कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम थंडावायचं. मुलांना विचारून ठरवणाऱ्याच्या माघारी ते चालू राहायचं. तुम्ही मोंढ्यात गेलात की दुकान सुस्तावतं का, ते बघा. सुस्तावत असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठीच आहेत.

१. सगळं आधी सांगा. पगाराची तारीख, सुट्ट्या, कामाच्या वेळा लिहून द्या. तालुक्याहून एसटीने येणाऱ्या नर्सला ड्युटीचा तक्ता आठवडाभर आधी मिळाला पाहिजे.

२. कामामागचं कारण सांगा. "सोयाबीनचा ओलावा मोज" एवढ्यावर थांबू नका. हमीभावाच्या खरेदीत साधारण १२ टक्क्यांची मर्यादा असते, ओला माल थप्पीत तापतो, हे त्याला पोत्यात हात घालून दाखवा. कारण कळलं की तो स्वतःहून मोजेल.

३. चूक एकांतात सांगा, शाबासकी चारचौघांत द्या. आपली शहरं लहान आहेत. समोरचं गिऱ्हाईक त्याच्या गावचं, कधी सोयऱ्यातलं निघतं. त्याच्यादेखत केलेला पाणउतारा संध्याकाळी घरी पोचतो.

४. एक काम पूर्ण सोपवा. हंगामात पावत्यांचा हिशेब त्याच्याकडे द्या, आठवड्याला तपासा, मधे हात घालू नका. मात्र वाऱ्यावरही सोडू नका.

५. महिन्यातून एकदा निवांत बोला. काय अडतंय, काय शिकायचंय, ते विचारा. पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी चालू असेल, तर परीक्षेची सुट्टी आधीच ठरवा. म्हणजे त्याला खोटं कारण सांगावं लागणार नाही.

६. निघालेल्याचा पगार किंवा कागदपत्रं अडवू नका. का चाललास, हे शांतपणे ऐका. मागे राहिलेली पोरं तुमचं वागणं बघत असतात.

सगळं एकदम जमणार नाही. पाचव्या पायरीपासून सुरुवात करा. बाकीच्यांत कुठं कमी पडतो, ते पोरंच सांगतील.