सभाधीटपणा कशाने येतो?



स्नेहसंमेलन जवळ आले, वक्तृत्वस्पर्धेचे विषय फळ्यावर लागले, की वर्गावर्गांतून एकच प्रश्न ऐकू येतो : सभाधीटपणा कशाने येतो? कोणी म्हणतो, आवाज खणखणीत हवा. कोणी म्हणतो, हातवारे साधले पाहिजेत. ही साधने निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु सभाधीटपणाचे मूळ याहून खोल आहे. आपण बोलणार ते खरे आहे, अशी ज्याच्या मनाची खात्री असते, त्याचेच पाय व्यासपीठावर स्थिर राहतात.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १८९७ साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले. हिंदुस्थानच्या जमाखर्चाविषयी त्यांची कसून उलटतपासणी झाली. पण तयारी पक्की असल्यामुळे ते डगमगले नाहीत. त्याच मुक्कामात, पुण्याहून आलेल्या पत्रांवर भिस्त ठेवून, प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांच्या वर्तनाविषयी त्यांनी गंभीर आरोप जाहीर केले. स्वदेशी परतल्यावर त्यांस पुरावा मिळेना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली, आणि त्याबद्दल स्वकीयांची कठोर टीका सोसली. वक्ता तोच, वाणी तीच. परंतु एक शब्द टिकला व दुसरा मागे घ्यावा लागला. भेद केवळ पुराव्याचा होता.

पुढे १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना गोखल्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले की, प्रजा दुष्काळाने व प्लेगने गांजलेली असता खजिन्यात शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेहून अधिक घेतला जातो. या आकड्यांच्या कामी गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांचे त्यांस मोठे साहाय्य असे. मिठावरील कर कमी करावा ही त्यांची मागणी होती. १९०३ साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. आरडाओरडा न करता बोललेला शब्दही किती दूर पोहोचतो, ते यावरून ध्यानी येईल.

आता हाच धडा आपल्या परिसरातील विषयावर गिरवून पाहा. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला व कर्जरोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. दौंडही त्याच तालुक्यात मोडत असे. या दंग्याचे लोण शिरूर तालुक्यातील गावांतही पसरले. म्हणजे शिरूर व दौंड या दोन्हीकडील मुलांचा हा घरचाच विषय. यावर पाच मिनिटे बोलावयाचे आहे, असे समजा.

प्रथम कागदावर कारणे लिहा : अमेरिकेतील यादवी १८६५ साली संपताच कापसाचे भाव कोसळले, साऱ्याचा बोजा वाढला, कर्ज फिटेना. मग परिणाम लिहा : १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस संरक्षण देणारा कायदा झाला. प्रत्येक वाक्यासमोर 'हे मला कशावरून कळले?' या प्रश्नाचे उत्तर मांडा. ज्यास उत्तर नाही ते वाक्य, कितीही गोड असले तरी, खोडून टाका. उरलेल्यातून पाच मुद्दे चिठ्ठीवर घ्या. उभे राहताच बोलू नका. एक श्वास घ्या, शेवटच्या बाकावरील श्रोत्याकडे पाहा व त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात आरंभ करा. मध्येच विसरलात तर क्षणभर थांबा. पदरचे काही जोडू नका.

बक्षीस न मिळाल्यास खिन्न होऊ नये. गोखल्यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. परंतु तो विचार मेला नाही. २०१० सालापासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला आहे.

पालकांसही एक विनंती. मूल घरी काही सांगू लागले, तर त्यास मध्येच गप्प करू नये. त्याचे बोलणे पुरते ऐकावे आणि मग ममतेने विचारावे, "बाळ, हे तुला कशावरून कळले?" या प्रश्नास उत्तर देण्याची सवय ज्यास घरीच लागली, त्यास सभेचे भय उरत नाही.